रात्री एकदा लेकराजवळ बसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. हळदीकुंकवाला नाव घेणे निराळे आणि सगळ्यांपुढे ध्वनिक्षेपक धरून उभे राहणे निराळे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे मला बोलायला सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या धाकट्याची गोष्ट तुम्ही दळपाच्या रांगेत दहाजणींना सांगितलीत. तीच एकदा शंभरजणींना सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

मी डॉक्टरीण नव्हे. मी सांगणार त्यातले काही माझ्या घरात घडले, काही डॉक्टरांनी समजावून दिले आणि काही माझ्या थोरल्या लेकीने मला वाचून दाखवले. विषय आहे मुलांची झोप. तुम्ही म्हणाल, झोपेत सांगण्यासारखे काय आहे? पोर दमते, आडवे होते, झोपते. मीही असेच समजत होते. त्या समजुतीपायी मी माझ्या लेकराला जवळजवळ वर्षभर विनाकारण मारले. ते आधी सांगते, म्हणजे बाकीचे का सांगते आहे ते कळेल.

ही गोष्ट २०१८ सालची. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत होता. सकाळी त्याला उठवणे म्हणजे रोजचे एक युद्ध. पाणी मारावे, ओढून बसवावे, तर पोर बसल्या जागी पुन्हा कलंडायचे. शाळेतून निरोप यायचे की वर्गात लक्ष नाही, बाकावर डोके टेकून झोपतो. घरी आला की उलटेच. क्षणभर स्वस्थ बसायचा नाही. बहिणीच्या वह्या फाड, बारीकसारीक गोष्टीवर रडून गोंधळ घाल. मी त्याला ऐदी म्हटले, ढ म्हटले, द्वाड म्हटले. अंगात आळस आणि वर मस्ती, असे माझे मत झाले होते.

त्यातच तो पुन्हा अंथरुणात शू करू लागला. साडेतीन वर्षांचा असताना त्याची ती सवय सुटली होती. आता सातव्या वर्षी रोज वाकळ ओली. आपल्या वाकळा किती जड असतात आणि पावसाळ्यात त्या वाळवायच्या म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एक दिवस माझा तोल गेला. ती ओली वाकळ मी त्याच्याच खांद्यावर दिली आणि सगळ्या गल्लीदेखत दोरीवर टाकायला लावली. पोरे हसली. मला वाटले, लाज वाटेल आणि सुधारेल. दुसऱ्या दिवसापासून त्याने संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले. तरी वाकळ ओलीच.

रात्री तो घोरायचा. आमच्या आत्याबाई कौतुकाने म्हणायच्या, "कसं बापासारखं गाढ झोपतंय बघ माझं पोरगं!" मलाही ते खरेच वाटायचे. घोरणे म्हणजे गाढ झोप, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आपले इचलकरंजी गाव मागांचे. आमच्या भिंतीला लागून चोवीस माग. रात्रंदिवस तो खडखडाट कानात असतो, आणि तो थांबला तरच आपल्याला जाग येते. त्या वर्षी श्रावणात एका रात्री वीज गेली. माग थांबले आणि नेहमीप्रमाणे मी जागी झाले. आमचे हे रातपाळीला होते. घरात मिट्ट अंधार आणि कधी नव्हे ती शांतता. त्या शांततेत मी पहिल्यांदा माझ्या मुलाचा श्वास ऐकला.

तो घोरत होता. मग घोरणे एकदम बंद झाले. मला वाटले, कूस बदलली असेल. पण काहीच आवाज येईना. मी मनात आकडे मोजले. दहापर्यंत मोजून झाले, तेव्हा त्याने पाण्यातून वर आल्यासारखा मोठा आचका दिला आणि पुन्हा घोरू लागला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. मी मोबाईलचा दिवा लावून पाहिले. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, कपाळावर घाम, आणि श्वास थांबे तेव्हा छाती आत ओढली जात होती, पण हवा काही आत जात नव्हती. सात वर्षे ते पोर माझ्या कुशीत झोपत होते आणि मी हे पाहिले नव्हते. वीज येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या भागातल्या आशाताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "आज रात्री मोबाईलवर त्याचे चित्रण करा आणि ते बालरोगतज्ज्ञांना दाखवा." मैत्रिणींनो, हा सल्ला सोन्यासारखा आहे. दवाखान्यात मूल जागे असते, तिथे डॉक्टरांना काही दिसत नाही. पाच मिनिटांचे ते चित्रण पाहून डॉक्टरांनी आम्हाला लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले. मानेचा बाजूने एक्स-रे काढला. तेव्हा कळले की घशातले टॉन्सिल तर मोठे आहेतच, शिवाय नाकाच्या मागच्या बाजूला ॲडेनॉइड नावाची गाठ असते, तीही वाढून हवेची वाट अडवून बसली आहे. या गाठी सगळ्याच मुलांना असतात. साधारण दोन ते आठ या वयात त्या घशाच्या मानाने मोठ्या असतात. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, त्यामुळे वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात आणि वाट मिटते. श्वास अडला की मेंदू मुलाला अर्धवट जागे करतो, श्वास सुरू होतो, आणि पुन्हा तेच. रात्रभर असे चालले तर मूल दहा तास अंथरुणात असूनही पुरते झोपलेले नसते.

मी डॉक्टरांना विचारले, "मग तो दिवसा इतका धिंगाणा कसा घालतो?" ते म्हणाले, मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली तर ते पेंगते. लहान मूल पुष्कळदा उलट चवताळते, चिडते, एका जागी बसत नाही. आणि अंथरूण ओले होण्याचे? श्वास अडण्याने शरीरातली लघवी आवरण्याची व्यवस्था बिघडते, हेही एक कारण असू शकते. ज्या तीन गोष्टींसाठी मी त्याला तीन वेगळ्या शिक्षा देत होते, त्या तिन्हींचे मूळ एकच निघाले.

डॉक्टरांनी असेही सांगितले की हे काही आजचे ज्ञान नाही. विलायतेतल्या विल्यम हिल नावाच्या डॉक्टरांनी १८८९ सालीच लिहून ठेवले होते की, शाळेत जे मूल मंद आणि आळशी ठरते, तोंडाने श्वास घेते आणि रात्री घोरते, त्याच्याकडे शाळेच्या डॉक्टरांनी नीट लक्ष द्यावे. एवढी वर्षे झाली, आणि आपण अजून घोरणाऱ्या पोराचे कौतुक करतो.

सर्दी झाली म्हणून चार दिवस मूल घोरले तर घाबरू नये. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तर या खुणा पाहा. श्वास मध्ये थांबतो का, आचका देतो का. तोंड उघडे ठेवून, मान मागे टाकून किंवा बसल्यासारखे झोपते का. झोपेत फार घाम येतो का. सकाळी तोंड कोरडे किंवा डोके दुखते का. बोलणे नाकात येते का, कान वारंवार फुटतो का. वजन वाढत नाही किंवा फार जास्त वाढले आहे का. दिवसा पेंगते किंवा फार चिडते का. यातल्या दोन-तीन खुणा जुळल्या तर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. नक्की निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात. डोक्याला, छातीला, नाकाजवळ तारा लावून श्वास आणि रक्तातला प्राणवायू मोजतात. त्यात दुखत काही नाही. ही सोय मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत असते.

उपाय प्रत्येकाचा निराळा. थोडा त्रास असेल तर नाकात मारायचे औषध देऊन काही महिने वाट पाहतात. मूल फार स्थूल असेल तर वजनाकडे पाहावे लागते. गाठी मोठ्या आणि त्रास जास्त असेल तर शस्त्रक्रिया करून त्या काढतात. आमचे हे आधी तयार नव्हते. घशावर सुरी म्हटले की कोण घाबरणार नाही? तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला एक हिशेब सांगितला. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी शंभरात ७९ मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी ठीक आली. नुसते लक्ष ठेवलेल्यांतही शंभरात ४६ जणांची ठीक आली. म्हणजे घाई सगळ्यांनाच करायची नसते, आणि शस्त्रक्रियेनेही सगळेच बरे होतात असे नाही. उरलेल्यांसाठी रात्री नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र असते. त्या डॉक्टरांनी आमच्यापुढे दोन्ही बाजू मांडल्या, म्हणून आमचा विश्वास बसला.

दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. आठ-दहा दिवस घसा दुखला, गार दूध आणि पेज यांवर काढले. घसा भरून आल्यावर एका रात्री तो असा निवांत झोपला की माझाच जीव वर-खाली. आवाज येईना म्हणून मी चारदा त्याच्या नाकाजवळ हात धरून पाहिला. पुढे दोन महिन्यांत वाकळ कोरडी राहू लागली. अभ्यासात तो पहिला आला, असे मात्र मी सांगणार नाही. आकडेमोडीत अजून अडखळतो. पण सकाळी आपला आपण उठू लागला.

हे झाल्यावर गल्लीतल्या बायका मला आपापल्या मुलांचे सांगू लागल्या. मला कळले की झोपेच्या तक्रारी पुष्कळ घरांत आहेत, पण आपण त्यांना वेगळी नावे दिली आहेत. कुणाला आळशी म्हणतो, कुणाला हट्टी, आणि कुणाला बाधा झाली म्हणतो.

त्या बाधेची गोष्ट सांगते. ज्यांच्या घरची आहे त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. त्यांची पाच वर्षांची मुलगी झोपल्यावर तास-दीड तासाने उठून बसायची आणि जोरात किंचाळायची. डोळे सताड उघडे, पण आईला ओळखत नाही. जवळ घेतले तर ढकलते. छाती धडधडते, अंग घामाने भिजते. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा शांत झोपते आणि सकाळी विचारले तर तिला काही म्हणजे काही आठवत नाही. घरच्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, शेवटी देवऋषाकडे नेले. त्याने मुलीच्या आजीवरच संशय घातला आणि एका घरात सासू-सुनेचे बोलणे बंद झाले.

बायांनो, याला बाधा म्हणत नाहीत. याचे कारण झोपेच्या घडणीत आहे. झोप रात्रभर सारखी नसते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. स्वप्नांच्या झोपेत मिटल्या पापणीखाली डोळे भराभर फिरतात. हे कसे सापडले ते माझ्या लेकीने मला वाचून दाखवले. अमेरिकेत शिकागोच्या विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि यंत्राजवळ रात्र जागून काढली. ते संशोधन त्याने आणि त्याच्या गुरूंनी १९५३ साली प्रसिद्ध केले. एवढा मोठा शोध, पण सुरुवात एका बापाने झोपलेल्या लेकराजवळ बसण्यापासून झाली, याचे मला फार अप्रूप वाटते.

तर गाढ झोपेतून मूल अर्धेच जागे झाले की असे किंचाळणे घडते. वाईट स्वप्न निराळे. ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल पुरते जागे होते, आईला बिलगते आणि स्वप्न सांगते. त्याला जवळ घेऊन धीर द्यावा. पण किंचाळणाऱ्या मुलाला गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये. पडणार नाही, लागणार नाही एवढे पाहावे आणि ओसरू द्यावे. सकाळी त्यावरून चिडवू नये. अपुरी झोप, ताप, जागरण यांनी हे वाढते, म्हणून लवकर झोपवावे. रोज ठरलेल्या वेळेलाच होत असेल, तर त्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटे मुलाला हळूच थोडे जागे करून पुन्हा झोपवावे. असे काही आठवडे केले की पुष्कळदा थांबते. त्या मुलीचे तसेच थांबले. वय वाढले की बहुतेकांचे आपोआप जाते.

झोपेत चालणारी मुले त्याच जातीची. त्यांना ओरडू नये, हात धरून अंथरुणावर आणावे. मात्र दाराची कडी उंचावर लावावी, आणि उन्हाळ्यात अशा मुलाला गच्चीवर मुळीच झोपवू नये. एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंग ताठ होणे, एकाच बाजूचे हातपाय झटके देणे, जीभ चावणे, एका रात्रीत अनेकदा तोच प्रकार होणे, असे दिसले तर ते फेफरे असू शकते. चित्रण करून डॉक्टरांकडे जावे.

दात खाणारी मुले तर घरोघरी. आपण म्हणतो, जंत झाले. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध सिद्ध झालेला नाही. बहुतेक मुलांचे ते वयाबरोबर कमी होते. दात झिजत असतील किंवा जबडा दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि घोरणेही आहे का ते पाहावे. जंताची गोळी शाळेत देतात ती अवश्य द्यावी, पण ती जंतांसाठी. रात्री शौचाच्या जागी खाज सुटून मूल चुळबुळत असेल, तर मात्र बारीक जंत असू शकतात.

तिसरी तक्रार पायांची. "आई, पाय चेप" म्हणून रडणारी मुले आपण पाहतो. दिवसभर खेळले, म्हणून दुखतात असे म्हणून सोडून देतो. पण काही मुलांना संध्याकाळी आडवे पडले की पायांत मुंग्या, वळवळ, ओढ अशी काहीतरी अस्वस्थता होते. पाय हलवले, चेपले की बरे वाटते, थांबले की पुन्हा सुरू. त्यामुळे तासन् तास झोप लागत नाही. यामागे अनेकदा शरीरात साठवलेले लोह कमी असते. डॉक्टर रक्तातून हा साठा तपासतात आणि गरज असेल तर लोहाचे औषध देतात. मनाने देऊ नये, जास्त लोह घातक असते. शाळेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी गोळी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी गोळी देतात. ती आपली मुले फेकून देत नाहीत ना, हे पाहणे आपल्या हातात आहे. जेवणाबरोबर चहा देण्याची सवयही मोडावी. चहाने लोह अंगी लागत नाही आणि झोपही उडते.

आता ज्या मुलाला काही आजार नाही, पण ते झोपतच नाही, त्याचे पाहू. किती झोप हवी, हे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. दिवसाची झोप धरून एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाचच्या मुलाला १० ते १३ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. घरी जाऊन बोटांवर मोजा. साडेअकराला झोपून सहाला उठणारे दहा वर्षांचे पोर रोज अडीच तासांचे कर्ज काढते आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असे परिपत्रक काढले, ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पण शाळा उशिरा भरली आणि आपण रात्र आणखी लांबवली, तर काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, एका खोलीत सहा माणसे, दूरदर्शन संच चालू, बाप रातपाळीला नाहीतर दहाला घरी येणार, तिथे कसली आलीय वेळ? खरे आहे, माझेही घर तसेच आहे. म्हणून मी जे जमले तेवढेच सांगते. रोज त्याच क्रमाने तीन गोष्टी करायच्या: हातपाय धुणे, पाणी पिऊन शूला जाऊन येणे, आणि अंथरुणावर एक गोष्ट. मुलाच्या अंगाला हा क्रमच घड्याळासारखा कळतो. मोठा दिवा मालवून मुलांची बाजू अंधारी करायची. मोबाईल झोपेच्या तासभर आधी फडताळात. सकाळी उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलायची नाही, आणि उठल्यावर उजेडात काढायचे. बाप उशिरा आला तर लाड सकाळी करायचे.

वयात आलेल्या मुलांचे थोडे निराळे. त्या वयात शरीराचे घड्याळच तास-दोन तास पुढे सरकते. दहाला त्यांना झोप येत नाही हा हट्ट नसतो. पण त्यात मोबाईल पडला की दोन वाजतात. माझा हाच धाकटा आता दहावीत आहे. आमचा ठराव झाला आहे की साडेदहाला घरातले सगळे मोबाईल, माझासुद्धा, देवघराखालच्या खणात. पहिले पंधरा दिवस घर डोक्यावर घेतले होते. जागून केलेल्या पाठांतराला अर्थ नाही, कारण वाचलेले पक्के होते ते झोपेतच, हे त्याला पटायला एक चाचणी परीक्षा जावी लागली.

अंथरूण ओले करणाऱ्या मुलांबद्दल हात जोडून सांगते. पाच वर्षांपर्यंत त्याची काळजी करू नये. पुढेही बऱ्याच मुलांचे उशिरा सुटते, आणि पुष्कळदा आईला किंवा बापालाही लहानपणी तसेच असते. मूल ते मुद्दाम करत नाही. पण सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झाले तर डॉक्टरांना दाखवा. घोरणे, मलावरोध, लघवीची आग, फार तहान आणि वजन घटणे यांकडे पाहा. शेवटचे दोन एकत्र असतील तर साखर त्याच दिवशी तपासा.

आणि औषध देऊन झोपवू नका. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन कामावर जात, हे त्या काळच्या सरकारी नोंदींत आहे. त्यांची लाचारी होती. आज आपण सर्दी-खोकल्याचे औषध "जरा झोपेल तरी" म्हणून पाजतो. अशाच एका मिश्र औषधाबाबत २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असे बजावले आहे. झोपेच्या गोळ्या आणि दुकानात मिळणाऱ्या झोपेच्या गोड वड्याही डॉक्टरांवाचून नकोत. तसेच झोपेत ओठ निळे पडणे, तान्ह्याचा श्वास वीस सेकंद थांबणे, हसता हसता गुडघे लुळे पडून मूल कोसळणे आणि दिवसा अनावर झोप येणे, यांपैकी काही दिसले तर उद्यावर टाकू नका. ओठ निळे पडले किंवा तान्ह्याचा श्वास थांबला, तर रात्रीच दवाखाना गाठा.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी डॉक्टरांचे पथक मुले तपासायला येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. पथक येण्याआधी आपण प्रत्येकीने दोन आठवडे वहीत लिहू या: मूल किती वाजता झोपले, किती वाजता उठले, घोरले का, रात्री काय झाले. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीने लिहावे. ती वही घेऊन डॉक्टरांपुढे उभे राहिले की आपले म्हणणे कुणी झटकत नाही.

शेवटचे सांगून बसते. मध्यंतरी माझ्या मुलाने विचारले, "आई, मला श्वास येत नव्हता, तर तू मला मारायचीस का?" मी म्हटले, "मला माहीत नव्हतं रे." तो म्हणाला, "तू बघितलं नव्हतंस." मी त्याची माफी मागितली. तो हसला आणि पाणी प्यायला गेला. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते. मुलाला दिवसा शिक्षा करण्याआधी एकदा रात्री उठा, घरातला आवाज बंद करा आणि पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा. त्याचा श्वास ऐका.